ट्रान्सफर पुन्हा पुन्हा फेल जातोय? तपासण्यांची सुरुवात कुठून करायची

आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भपिशवीत सोडतात, तो ट्रान्सफर. दुसरा किंवा तिसरा ट्रान्सफर फेल गेला की बऱ्याच जोडप्यांच्या हातात तपासण्यांची लांबलचक यादी पडते. रोगप्रतिकारशक्तीच्या एनके सेल्स आणि सायटोकाइन्स, रक्त गोठण्याचं थ्रोम्बोफिलिया पॅनल, ट्रान्सफरची वेळ ठरवणारी ईआरए. ही नावं मोबाईलवर शोधण्यात रात्र जाते आणि बिल फुगतं ते वेगळंच. त्या यादीच्या आधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहिलं आहे.

एक प्रश्न मात्र प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारायचाच: "हा रिपोर्ट वाईट आला तर आपल्या उपचारात नक्की काय बदलेल?" उत्तर स्पष्ट मिळालं तर तपासणी करा. "बघू, माहिती असलेली बरी" असं उत्तर आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

आधी हिशेब करा

अपयश "वारंवार" कधी म्हणायचं? जुनी व्याख्या अशी होती: वय चाळिशीच्या आत, आयव्हीएफच्या किमान तीन सायकलमध्ये (फेऱ्यांमध्ये) मिळून चार चांगले गर्भ सोडले आणि तरीही गर्भ राहिला नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एश्रे' या संघटनेने २०२३ मध्ये हा आकडा बाजूला ठेवला. आता त्यांचं म्हणणं असं की त्या विशिष्ट बाईला आतापर्यंतच्या सगळ्या ट्रान्सफरमध्ये मिळून यश मिळण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर गेली आणि तरीही बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी) निगेटिव्हच आला, तर कारण शोधायला लागायचं.

हे कागदावर करून बघा. समजा वय ३१ आहे आणि पाचव्या दिवसाच्या चांगल्या गर्भाची रुजण्याची शक्यता दर वेळी ४० टक्के आहे. दोन ट्रान्सफरनंतर एकूण शक्यता ६४ टक्के होते, म्हणजे दोन अपयशांनंतरच चौकशी सुरू करणं योग्य. वय ४१ असेल आणि दर वेळची शक्यता १५ टक्के असेल, तर ६० चा आकडा ओलांडायला सहा ट्रान्सफर लागतात. तिथे तीन वेळा अपयश आलं म्हणून पिशवीत दोष असेलच असं नाही, वयच पुरेसं कारण आहे.

उलट बाजूही पाहा. दर वेळी ४० टक्के शक्यता असलेली, काहीही बिघाड नसलेली शंभर जोडपी घेतली, तरी त्यातल्या सुमारे २२ जणांचे तिन्ही ट्रान्सफर निव्वळ योगायोगाने फेल जातील. तुम्ही त्या २२ मध्ये असू शकता, आणि चौथ्या वेळी काहीही न बदलता गर्भ राहू शकतो. अशा वेळी चौथ्या खेपेला दिलेलं कोणतंही औषध "लागू पडलं" असं वाटतं. निम्म्या महागड्या उपचारांची ख्याती अशीच झालेली आहे.

तुमची दर वेळची शक्यता किती, हा आकडा डॉक्टरांनी तुमचं वय आणि गर्भाची प्रत पाहून सांगायचा असतो. सेंटरच्या जाहिरातीतला आकडा इथे चालत नाही.

फाइल पूर्ण करा

नव्या तपासणीच्या आधी जुने कागद. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नाही. प्रत्येक सायकलसाठी हे मागा: इंजेक्शनांचा तक्ता, किती बीजं निघाली आणि त्यातली किती पक्व होती, किती फलित झाली, कोणत्या दिवशी कोणत्या ग्रेडचा गर्भ सोडला, त्या दिवशी पिशवीचं आतलं अस्तर किती मिलिमीटर होतं, प्रोजेस्टेरॉन (गर्भासाठी अस्तर तयार करणारं संप्रेरक) कधी सुरू केलं, ट्रान्सफरची टिपणी, आणि बीटा एचसीजीचा प्रत्यक्ष आकडा. दुर्बिणीची तपासणी झाली असेल तर तिचं रेकॉर्डिंगही.

सेंटर टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात.

बीटाच्या आकड्यावर मी अडून बसेन. "निगेटिव्ह" आणि "आधी थोडा वाढला, मग उतरला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात गर्भ रुजायला लागला होता. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भाभोवतीची पिशवी दिसून मग गर्भपात झाला असेल, तर तो तिसराच प्रश्न आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या. घरी सगळ्यालाच "फेल गेलं" म्हणतात, फाइलमध्ये तसं होऊ देऊ नका.

गर्भापासून सुरुवात करा

नातेवाईकांचा रोख पिशवीकडे असतो: "हिच्या पिशवीत गर्भ टिकत नाही." प्रत्यक्षात गर्भ न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण गर्भातच असतं, त्याच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. बाईचं वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. चाळिशी ओलांडल्यावर पाचव्या दिवसापर्यंत वाढलेल्या गर्भांपैकीही निम्म्याहून अधिक असे असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी देखणे दिसू शकतात.

ग्रेड वाचायला शिका. '४एए' मधला आकडा गर्भ किती फुगलाय ते सांगतो. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याचं, ज्यातून बाळ होतं, आणि दुसरं बाहेरच्या थराचं, ज्यातून वार तयार होते. तिसऱ्या दिवसाचे गर्भ सोडले गेले असतील तर ते पाचव्या दिवसापर्यंत वाढवून बघायचे का, हा पहिला प्रश्न. बरेच गर्भ तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या मध्ये थांबतात.

गर्भाची गुणसूत्रं तपासणारी पीजीटी-ए ही तपासणी अशा वेळी सुचवली जाते. बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढून त्या तपासतात. ही तपासणी गर्भ सुधारत नाही, फक्त निवडायला मदत करते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत २० ते ३७ वयाच्या, चांगली शक्यता असलेल्या १,२१२ बायकांमध्ये पीजीटी-ए केलेल्यांत एकूण जिवंत बाळांचं प्रमाण ७७.२ टक्के होतं, न केलेल्यांत ८१.८. तरुण वयात सरसकट फायदा नाही, असाच त्याचा अर्थ. वय ३८ च्या पुढे असेल, किंवा बरेच गर्भ सोडूनही काही होत नसेल, तर तिचा उपयोग असतो: फेल जाणारे ट्रान्सफर कमी होतात आणि दोष गर्भाकडे आहे की पिशवीकडे हे कळू लागतं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, तपासून नॉर्मल ठरलेला एकेक गर्भ सलग तीन वेळा सोडल्यावर गर्भ न रुजलेल्या बायका ५ टक्क्यांहून कमी निघाल्या. खऱ्या अर्थाने "पिशवीच गर्भ घेत नाही" अशी स्थिती किती विरळ आहे, ते यातून कळतं.

ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या जागीच होते आणि गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. कोणी "सांगतो" म्हणालं तर तिथून उठा.

याच टप्प्यावर नवरा-बायको दोघांचंही कॅरिओटाइप (स्वतःच्या गुणसूत्रांची तपासणी) करून घेता येतं. रक्ताची तपासणी आहे, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. एखाद्याच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात जागा बदललेले असतात. त्या माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, पण त्याचे बरेच गर्भ बिघडलेले निघतात. असं सापडलं तर उपचार खरंच बदलतो, म्हणून ही तपासणी वरच्या प्रश्नात पास होते.

मग पिशवी आणि नळ्या

पहिल्यांदा चांगली योनीमार्गे सोनोग्राफी, शक्यतो थ्रीडी. तिच्यात पोकळीत घुसलेला फायब्रॉइड (स्नायूची गाठ), पॉलिप (अस्तराचा कोंब), पिशवीतला पडदा, अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं), आणि आधी सिझेरियन झालं असेल तर टाक्याच्या जागी साचणारं पाणी दिसू शकतं. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असलेला फायब्रॉइड मात्र बहुधा निर्दोष असतो. तो दिसला म्हणून लगेच ऑपरेशनला हो म्हणू नका.

नळ्यांकडे फार वेळा दुर्लक्ष होतं, कारण "आयव्हीएफमध्ये नळीची गरजच नाही" असं समजलं जातं. नळी बंद असून तिच्यात पाणी साचलं असेल, ज्याला हायड्रोसालपिंक्स म्हणतात, तर ते पाणी पिशवीत झिरपत राहतं आणि आयव्हीएफमध्ये गर्भ राहण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. सोनोग्राफीत ते प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही, एचएसजीचा (नळ्यांत औषध सोडून काढलेला) जुना एक्स-रे पुन्हा नीट वाचून घ्या. उपाय ठरलेला आहे: ट्रान्सफरआधी दुर्बिणीतून ती नळी काढणं किंवा पिशवीपाशी बंद करणं. अपयशाच्या सगळ्या कारणांत इतका सरळ उपाय असलेली कारणं फार थोडी आहेत.

दुर्बिणीतून पिशवीची आतली तपासणी, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, प्रत्येकीला हवीच का? दोन ते चार वेळा आयव्हीएफ फेल गेलेल्या आणि सोनोग्राफी नॉर्मल असलेल्या ७०२ बायकांवर युरोपात चाचणी झाली. २०१६ च्या निकालात हिस्टेरोस्कोपी केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण २९ टक्केच होतं. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ असेल तर नुसती "एकदा बघून घेऊ" म्हणून करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मात्र मी दोन अपवाद करेन: आधी क्युरेटिंग झालेलं असेल, किंवा पाळीचा स्राव पूर्वीपेक्षा खूप कमी झाला असेल. अशा वेळी पिशवीच्या भिंती आतून चिकटलेल्या असू शकतात.

टीबी: इथे घाई करू नका

परदेशी लेखांत हा मुद्दा जेमतेम येतो, भारतात तो टाळता येत नाही. जननमार्गाचा क्षयरोग बहुधा नळ्यांपासून सुरू होऊन अस्तरापर्यंत येतो. ताप नाही, खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. कधी पाळी कमी येते, कधी तेही नाही.

गोंधळ होतो तो निदानात. मँटू टेस्ट (हातावर टोचून करायची टीबीची तपासणी) पॉझिटिव्ह येणं म्हणजे कधीतरी जंतूशी गाठ पडली होती, इतकंच. आपल्याकडे ते असंख्य निरोगी माणसांत येतं. अस्तराच्या तुकड्यावरची टीबी-पीसीआर ही जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी मेलेल्या जंतूच्या अंशावरही पॉझिटिव्ह येऊ शकते. एवढ्या एका रिपोर्टवर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणं सर्रास चालतं आणि ते चूक आहे. अस्तराच्या तुकड्याची हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्सपर्ट (टीबीची जलद यंत्रतपासणी), शिवाय दुर्बिणीत दिसलेली लक्षणं, हे सगळं एकत्र बघून निर्णय घ्यायचा असतो.

नमुना घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: तुकडा कशात टाकणार? हिस्टोपॅथॉलॉजीसाठी तो फॉर्मलिनमध्ये जातो, पण कल्चरसाठीचा भाग सलाइनमध्येच जायला हवा, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. सगळा नमुना एकाच बाटलीत गेला की कल्चर कायमचं हुकतं. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, तेवढं थांबायची तयारी ठेवा. निदान पक्कं झालंच तर औषधं राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि कोर्स पूर्ण होईपर्यंत ट्रान्सफर थांबवावा लागतो.

त्याच तुकड्यातून अस्तराची जुनाट सूजही तपासता येते. त्यासाठी सीडी१३८ नावाचं रंजक वापरून प्लाझ्मा पेशी मोजतात. सूज निघाली तर साधारण दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक आणि नंतर पुन्हा तपासणी. टीबी आणि सूज या दोन्ही तपासण्यांसाठी पाळीतली सोयीची वेळ वेगळी असू शकते, म्हणून एकाच खेपेत जमेल का ते आधीच ठरवा. बायोप्सीचं दुखणं दोनदा सोसण्याचं कारण नाही.

अस्तर आणि प्रोजेस्टेरॉन

अस्तर ७ मिलिमीटरच्या खाली राहत असेल तर यशाची शक्यता घटते. प्रत्येक ट्रान्सफरच्या वेळी ते किती होतं, हे एका खाली एक लिहा. एकदाच पातळ होतं की दर वेळी? दर वेळी असेल तर कारण पुन्हा क्युरेटिंग, टीबी आणि चिकटलेल्या भिंतींकडे जातं. गोळ्यांनी अस्तर वाढत नसेल तर नैसर्गिक पाळीत, स्वतःचं बीज फुटल्यानंतर ट्रान्सफर करून बघता येतो.

गोठवलेला गर्भ गोळ्यांच्या सायकलमध्ये सोडताना शरीरात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन नसतं, सगळं बाहेरून येतं. फक्त योनीत ठेवायच्या गोळ्या असतील तर काही बायकांच्या रक्तात ते पुरेसं चढत नाही. ट्रान्सफरच्या सुमारास पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर इंजेक्शन जोडतात. स्वस्त तपासणी, आणि हाती काहीतरी ठोस लागतं. पाच दिवसांचा गर्भ प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात, हे तुमच्या तक्त्यात जुळतंय का तेही पाहा.

रक्ताच्या मोजक्या तपासण्या

थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेसाठी एचबीए१सी. स्वस्त, आणि बिघडलेले असले तर उपचार आहे.

रक्त गोठण्याच्या तपासण्यांपैकी फक्त एपीएलए (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांच्या) गटाचं नाव घ्यायचं: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. तेही पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, मोठ्या महिन्यांचा गर्भपात झाला असेल किंवा ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार असेल तेव्हा. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे निदान झालं नाही, १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. हे काही नसताना "सेफ्टी म्हणून" रोज पोटावर हेपरिनची (रक्त पातळ करणारी) इंजेक्शनं घेणाऱ्या बायका मुंबई-पुण्यात किती असतील, देव जाणे. त्याने गर्भ जास्त रुजतो असा आधार नाही.

नवऱ्याकडेही बघा

फाइलमध्ये बाईचे चाळीस रिपोर्ट आणि नवऱ्याचा एक, तोही दीड वर्षापूर्वीचा. हे दृश्य नेहमीचं आहे. वीर्यतपासणी नव्याने करा आणि आकडे खराब असतील तर अँड्रॉलॉजिस्टला (पुरुष वंध्यत्वाच्या डॉक्टरांना) प्रत्यक्ष दाखवा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज तंबाखू सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तो कुठे मिळतो हे कोणाला सांगायला नको. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही ती तंबाखूच आहे हे लक्षात घ्यावं आणि डॉक्टरांना न लाजता सांगावं. शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनची (डीएनए तुटलेला आहे का याची) तपासणी या कामासाठी सरसकट करावी असं एश्रे म्हणत नाही.

ट्रान्सफर कसा झाला होता?

टिपणीत "डिफिकल्ट" असा शब्द आहे का ते शोधा. गर्भ सोडायची बारीक नळी आत जायला त्रास झाला, गर्भाशयाचं तोंड चिमट्याने ओढावं लागलं, नळीवर रक्त आलं, असं काही असेल तर पुढच्या खेपेआधी रंगीत तालीम करून मार्ग पाहून ठेवतात. सोनोग्राफी लावूनच ट्रान्सफर व्हावा. झोपून राहण्याने मात्र काही साधत नाही. लघवीला उठलं, जिना चढला म्हणून गर्भ खाली पडत नाही.

ज्याला नाही म्हणता येतं

रक्तातल्या किंवा पिशवीतल्या एनके पेशी, सायटोकाइन पॅनल, नवरा-बायकोची एचएलए (पेशींची ओळख) जुळवणी. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलेली इंट्रालिपिड, इम्युनोग्लोब्युलिनची सलाइनं. एश्रे यांपैकी कशाचीही शिफारस करत नाही. अस्तराला ओरखडा काढण्याच्या प्रकारावर २०१९ मध्ये १,३६४ बायकांच्या चाचणीचा निकाल आला: ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. ट्रान्सफरची वेळ ठरवणाऱ्या ईआरएसारख्या तपासणीवर २०२२ मध्ये निकाल आला: तिच्यानुसार वेळ ठरवलेल्यांत बाळ होण्याचं प्रमाण ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळेला केलेल्यांत ६१.९. प्रेडनिसोलोन कुटुंबातलं स्टेरॉइड, प्रेडनिसोन, वारंवार अपयश आलेल्या ७१५ बायकांना देऊन पाहिलं, २०२३ चा निकाल: बाळ होण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ३७.८ टक्के, न घेतलेल्यांत ३८.८, शिवाय स्टेरॉइड घेतलेल्यांत वेळेआधी बाळंतपण जास्त.

क्रम आणि वेळ

ज्यांच्या रिपोर्टला वेळ लागतो त्या तपासण्या आधी: कॅरिओटाइप, गरज असेल तर टीबी कल्चर आणि एपीएलए. ते येईपर्यंत सोनोग्राफी, वीर्यतपासणी आणि जुन्या कागदांचं वाचन. गोठवलेले गर्भ शिल्लक असतील तर घाई नको, ते गोठलेल्या स्थितीत म्हातारे होत नाहीत. पण शिल्लक काहीच नसेल आणि वय ३८ च्या वर असेल, तर सहा महिने तपासण्यांत घालवणं हाच सगळ्यात महाग सौदा ठरतो. तेव्हा आधी बीजं काढून गर्भ गोठवून ठेवा, मग निवांत पिशवी तपासा.

दुसरं मत घ्यायला जाताना पूर्ण फाइल आणि एका पानाचा तक्ता न्या: तारीख, वय, गर्भाचा दिवस आणि ग्रेड, अस्तर, बीटा. सेंटर २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते बघून घ्या.

गर्भांचाच प्रश्न असल्याचं निघालं आणि वय पुढे गेलेलं असेल, तर दात्या स्त्रीच्या बीजाचा विषय निघेल. कायद्याने ती २३ ते ३५ वयाची असावी लागते, नोंदलेल्या बँकेमार्फतच यावी लागते आणि आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत पुन्हा पुन्हा फेल गेलेलं आयव्हीएफ हे वैद्यकीय कारण म्हणून मान्य आहे, पण तीत पैसे देऊन आई मिळवता येत नाही आणि मंजुरीचे कागद बरेच लागतात. हे दोन्ही मार्ग विचारात असतील तर कागदांची चौकशी तपासण्यांबरोबरच सुरू करा. आणि वयाची मर्यादा पाहून ठेवा: एआरटी उपचार बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतच घेता येतात.